मंजुळेला पुरात ठेवण्याबाबत

सिरसाळा, भाद्रपद वद्य चतुर्थी

तीर्थस्वरूप मावशीस द्वारकेचा साष्टांग नमस्कार. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (उजवा बरा असल्याचे तुम्ही कळवले होते, डाव्याविषयी काहीच नव्हते.) माझी प्रकृती ठीक, झोप कमी.

मी कादंबऱ्या वाचत नाही हे माहीत असून तुम्ही त्या अनाथ मंजुळेच्या गोष्टीचा पहिला भाग पाठवलात. त्याचा उपयोग झाला. इथल्या मोहनरावांच्या बायकोला, छबुबाईला, सातवा महिना आहे. आधीची दोन पोटातच गेली. या खेपेला रक्त दिसताच मी बाजेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा घातल्या आणि बाळंत होईपर्यंत उठायचे नाही असे सांगितले. हैद्राबादच्या दाईवर्गात हे एका ओळीत शिकवतात. म्हैस ओरडली की बाजेवरची बाई उठते, हे शिकवत नाहीत. म्हणून मी तुमचे पुस्तक वाचायला घेतले. अट एकच, पाय जमिनीला लागला की पुस्तक बंद.

ऐकायला तिच्या सासूबाई केसरबाई आणि शेजारच्या आमिनाबीही बसू लागल्या. पहिले दोन दिवस त्यांना मंजुळेची गरिबी पटेना. ती लोकांचे दळण दळून एका भाकरीवर दिवस काढते, असे वाचले तर केसरबाई म्हणाल्या, “जवारीची हाय ना भाकर? मग बरं चाललंय की तिचं.” ती जात्यावर आसवे गाळते, यावर आमिनाबी म्हणाल्या, “दुसऱ्याचं पीठ हाय बाई, भिजंल. कामावर ठिवतेत कामून असलीला?” तिसऱ्या दिवशी काकूने मंजुळेला घराबाहेर काढले, तेव्हा मात्र दोघींनी त्या काकूला शिव्या दिल्या. (एकूण सात. दोन मला नव्या होत्या.)

पहिला भाग संपतो तेव्हा मंजुळा भर पुरात एका बाभळीवर अडकलेली आहे. छबुबाईची नाडी मिनिटाला एकशे बारा झाली. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुस्तकात नसलेले एक वाक्य वाचले, की ती सुखरूप काठाला लागली. छबुबाईने लगेच पाय खाली सोडले. मंजुळा निघाली तर परळीच्या वैजनाथाला अनवाणी चालत येईन, असा नवस ती मनातल्या मनात बोलून बसली होती. परळी सात-आठ कोस. मी म्हणाले, दुसरे कुणी जाईल. “बोलले मी, चालायचं बी मीच. नवस तुंबला तर पोटावर येतंय, बाई,” ती म्हणाली. सासूबाईंनी मान डोलावली. मोहनराव गाडी जुंपायला निघाले, पण नवस गाडीचा नव्हता.

तेव्हा मी, सरकारी दाखला असलेली दाई, पुस्तक पुन्हा उघडून म्हणाले की ओळ चुकीची वाचली, मंजुळा अजून बाभळीवरच आहे.

आज सोळावा दिवस. छबुबाई पडून आहे, रक्त थांबले आहे, पोटातले मूल नीट हलते. बाळंतपणापर्यंत अजून आठ आठवडे काढायचे आहेत, आणि पूर का ओसरत नाही याची माझ्याजवळची कारणे संपली. मंजुळा काय खाते, असे रोज विचारतात. मी बाभळीच्या शेंगा म्हणाले. “त्या शेळ्या खातेत,” केसरबाई म्हणाल्या. शेवटी आमिनाबींच्या सांगण्यावरून दोरीने टोपली पोचवावी लागली. कालपासून टोपलीत लोणचेही आहे. मी एका जागी बसू शकत नाही; हे पत्र चार वेळा उठून पुरे केले.

तुमची,
द्वारका

ता. क. दुसरा भाग पाठवते असे तुम्ही लिहिले आहे. कृपा करून पाठवू नका. मोहनरावांना वाचता येते आणि ते शेवटचे पान आधी उघडतात.

ता. क. २. तुम्ही मात्र तो वाचला आहे. मंजुळा जगते का, एवढेच कळवा. पुढची आखणी करायला सोपे जाईल, म्हणून विचारते. कार्ड नको, टपालवाले धोंडीराम ते वाटेत मोठ्याने वाचतात. पाकीट पाठवा.

ता. क. ३. जगत नसेल तर पाकीटही नको.