मी तुझ्यावर अवलंबून नाही

दादा,

मी धायरीला राहायला गेले आहे, ऑफिसातल्या अपेक्षाकडे. आईला सांगितलं आहे. तिला उगाच छळू नकोस.

काल रिटर्न भरायला देवकाकांकडे गेले होते. अपंगत्वाची वजावट यंदापासून घ्यावी म्हणून दाखला नेला होता. काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अगं, ती तर आमोद घेतो. तू त्याच्यावर अवलंबून आहेस ना?" शेजारी दोन अनोळखी माणसं बसली होती. ती माझ्या पायाकडे बघायला लागली.

नोकरीला लागून मला तीन वर्षं झाली. घरातला किराणा माझ्या पगारातून येतो. वहिनीच्या बाळंतपणात रजा मी काढली, आपण त्या वेळी कामात होतात. आणि पायात कॅलिपर आहे, म्हणून मी तुझ्यावर अवलंबून?

एकदा विचारलं असतंस तर सांगितलं असतं. कमावत्या माणसाला अवलंबून दाखवता येत नाही. ही वजावट माझी मीच घ्यायची असते आणि मी ती कालच घेतली. तू यंदाचं रिटर्न सुधारून भर. मागच्या वर्षांचं काय करायचं ते काकांना विचार, आणि त्या दोन माणसांसमोरच विचार.

दाखला माझ्याजवळ आहे, कपाट उचकू नकोस.

अपेक्षाचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. मी रोज चढणार आहे. माफी मागायची असेल तर तूही चढून ये.

मेधा