टिकली भुंकली तेव्हा

देवळाली कॅम्प,
४ ऑगस्ट २०२४

ती. मैनाताईस,
योगेशचा सा. न. वि. वि.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. बोलताना आवाज फुटत नाही, म्हणून लिहितोय. तुझ्या टिकलीला परत विंचूरला घेऊन जा.

तुझ्या कुत्रीच्या पाच पिल्लांतून मी तिला कशी निवडली, आठवतं? उसात चेंडू फेकला. चौघं कंटाळून परतली, ही शोधतच राहिली. आमच्या बचावपथकाच्या कामाला असंच कुत्रं लागतं. दोन वर्षं मी तिला एकच शिकवलं, ढिगाऱ्याखाली जिवंत माणूस असेल तरच भुंकायचं, मग बक्षीस म्हणून चेंडू.

गेल्या सोमवारी दरड कोसळलेल्या गावात ती एका जागी भुंकली. सकाळपासून आमच्या हाती प्रेतंच लागत होती. मला वाटलं, दमलीय, चेंडूसाठी नाटक करतेय. तिला परत बोलवायला गळ्यातली शिट्टी वाजवली. ती येईना, तेव्हा पट्टा धरून ओढली. दुसऱ्या दिवशी तिथंच लंकाबाई नावाची म्हातारी सापडली. डॉक्टर म्हणाले, जीव जाऊन चार-पाच तासच झालेत. ताई, तिनं भुंकणं ऐकलं असणार. माझी शिट्टीही.

एवढं वाचूनही माया ठेवशील, तर ठेव.
योगेश

विंचूर,
८ ऑगस्ट

चि. योगेशला,
ताईचे अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. तुझी चूक नाही असं मी म्हणणार नाही, तुला ते पटायचंही नाही. पण शिक्षा टिकलीला का? प्रेतंच सापडली की कुत्रं खचतं, मग जिवंत माणसानं लपून त्याला सापडायचं, हे तूच सांगायचास. ते केलंस का?

रविवारी तिला घेऊन ये. आमच्या कांद्याच्या चाळीत मी लपते. माझ्या वजनावरून बोलायचं नाही. आणि कॅम्पातली खारी विसरू नकोस.

वाट पाहणारी,
ताई

विंचूर,
१२ ऑगस्ट

चि. योगेशला अ. उ. आ.

काल घाईनं निघून गेलास. म्हणून मीच लिहिते.

बारदानाच्या ढिगाखाली काही दिसत नव्हतं. टिकली भुंकली आणि मला रडूच आलं, की कुणाला तरी कळलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. तू तिथं उभा आहेस हे मला समजत होतं. हा सगळा आपलाच खेळ, तरी शिट्टी वाजेल या भीतीनं मी घामाघूम झाले. तेवढ्यात बारदान हललं. तू दोन्ही हातांनी उपसत होतास आणि लहानपणी रडायचास तसा रडत होतास.

लंकाबाई आता मलाही सोडायची नाही. ती आपली दोघांची.

टिकलीला मी ठेवून घेणार नाही, तिला कामावर ने. तुझी शिट्टी मात्र बारदानात पडलेली सापडली. ती मी कपाटात ठेवलीय, परत मागू नकोस.

लोभ होता तसाच आहे.
ताई