घोट्यावरचा दोरा

२० नोव्हेंबर २००६, सोमवार

आज सकाळी न्हाणीचं दार लावून डावा पाय सुतळीने मोजला. मारुतीच्या देवळातल्या डोमाजीने घोट्यावर बांधलेल्या काळ्या दोऱ्याच्या चार बोटं वर. मागच्या सोमवारपेक्षा सुतळी अर्धं बोट जास्त लागली. गुंडाळून पोथीत ठेवली. बायकोला, कुंदाला, सांगितलं नाही.

"एवढा वेळ काय करून राह्यले आत?" तिने विचारलंच. तिला संशय आहे. मलाही तिच्यावर आहे. आठ दिवस झाले, पायात जोडवी नाहीत. विचारलं तर म्हणे, "झिजली, सोनाराकडे देली." कोणत्या सोनाराकडे, ते सांगत नाही.

२२ नोव्हेंबर, बुधवार

सरकारी दवाखान्यातली आभा सिस्टर आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यावर आली, हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन. मी नेहमीसारखा गाड्यांच्या वजनकाट्यावर उभा. तिची नजर थेट माझ्या पायावर — कोणी सांगितलं असेल?

"काका, अंगात रक्तासारखं आणखी एक पाणी फिरते. त्याले ढकलाले पंप नाही. पाय हालला का ते वर चढते." रोज साबणाने पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, पंजा वरखाली करत राहा, बसता-झोपता पाय उंच ठेवा, अनवाणी फिरू नका. इथवर ऐकलं. मग म्हणाली, "अन् हा दोरा आजच कापा. रुतून राह्यला."

तिथे मन उठलं. गोळी जिभेखाली धरली, ती गेल्यावर थुंकलो. विकतचं बियाणं दगा देतं, मग फुकटची गोळी काय करेल?

२५ नोव्हेंबर, शनिवार

मारुतीला अंघोळ घातली, शेंदूर लावला. डोमाजीला दोऱ्याचं विचारलं. पोळ्याआधीच्या शनिवारी त्यानेच देवापुढे बांधला होता. "कापाचा नाही, नरहरभाऊ. आपोआप तुटला का समजाचं, दुखणं गेलं."

तीन महिने वाट पाहतो आहे. बाभळीच्या खोडात कुंपणाची तार रुतावी तसा तो मांसात गेला आहे. कातडी फाटून पाणी झिरपतं. मॅनेजर परवा म्हणाला, "लंगडून काहून राह्यला?" काट्यावर दिवसभर उभं राहावं लागतं. यंदा कापसाच्या गाड्या कमी, माणसं कमी करायला त्यांना निमित्तच हवं.

२६ नोव्हेंबर, रविवार

न्हाणीत नवा साबण. मी आणलेला नाही.

२९ नोव्हेंबर, बुधवार

परवापासून थंडी-ताप. पाय निखाऱ्यासारखा तापलेला. आज पहाटे जाग आली तर डावा पाय घडी केलेल्या वाकळेवर उंच ठेवलेला — बोटं थेट देवघराकडे!

कुंदाला रागावलो. देवाकडे पाय?

"पाय देवानंच देला ना? त्याले कायचा राग येते?"

पाय उंच ठेवणं ही सिस्टरची भाषा. म्हणजे ही तिच्याकडे जाते. हल्ली न्हाणीतही दार लावून बराच वेळ असते. फरशी दिवसातून दोनदा ओली. माझ्यापासून काय लपवते?

२ डिसेंबर, शनिवार

कामावर गेलो. दुपारी हबीबसोबत फाटकाबाहेर बसलो. हबीब जिनिंगचा फिटर, बावीस वर्षांचा सोबती. आत कापूस, त्यामुळे बिडी फाटकाबाहेरच ओढावी लागते.

"कायचा दोरा हाय हा?"

"सुताचा. मारुतीचा."

"तीन महिने घाम-पाणी खाऊन सूत टिकते का, भाऊ? अन् तुम्ही म्हणे कापसाचे पारखी!"

गाठीखाली लोंबणारं टोक त्याने पेटत्या काडीला लावलं. सुताची राख होते. हे वितळलं. काळा, कडक मणी झाला.

"नायलॉन. तुम्ही जाल, हा नाही तुटनार." आधी हसला, मग माझं तोंड पाहून बिडी विझवली.

चिमूटभर कापूस बोटांत ओढून धाग्याची लांबी सांगणारा मी. ओली गाडी नुसत्या वासावरून परत पाठवणारा मी. सिस्टरवर संशय घेतला, गोळीवर घेतला, कुंदावर घेतला. दोऱ्यावर कधी घेतला नाही.

३ डिसेंबर, रविवार

डोमाजीला दोऱ्याच्या टोकाचा जळका मणी दाखवला. वाकून त्याने तो नखाने खरवडून पाहिला. "बाजारातून दोऱ्याची गुंडी आणतो. पहिले सुताचीच येत होती. मले काय मालूम, भाऊ?" खोटं बोलत नव्हता. त्याने आजवर किती जणांना बांधले असतील!

मारुतीपुढे बसलो. कौल मागितला नाही. एवढंच म्हणालो — जो तुटूच शकत नाही, त्याची वाट किती पाहू?

४ डिसेंबर, सोमवार

सकाळी कात्रीने दोरा कापला. पाय धुतला, बेचक्या पुसल्या. कात्री ठेवायला उठलो तर कुंदाने हात धरला. समोर बसली, साडीचा काठ वर घेतला. सुजलेलं पाऊल, जोडवी न मावणारी बोटं, आणि घोट्यावर तसाच डोमाजीचा काळा दोरा.

"तुमचा पायातच राह्यला, अन् मी माझा कसा कापू?"

तोही मीच कापला.