सेल्फ गेलेल्या गाडीतून पाहुणे आणले त्याबद्दल

जिंतूर, मंगळवार, ७ डिसेंबर १९९३

ती. दाजी बन्सीधरराव यांच्या पायांशी माणिकरावाचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहे. आपल्या गुडघ्याची आणि अक्काच्या खोकल्याची फिकीर लागून आहे. (गुडघ्याला ओवा घातलेले तिळाचे तेल चोळावे, ओवा पाच मिनिटे कढवावा, सहा नव्हे.) आमच्या कमलसाठी पाथरीचे स्थळ आपणच सुचवले. मुलाचे वडील दिनकरराव तलाठी आपले शेजारी, तेव्हा त्या रविवारची हकीकत आपल्या कानी गेलीच असेल. पण ते मधल्या गोष्टी गाळतात, म्हणून मी लिहितो. त्यांचा होकार नाही, नकारही नाही. आज नववा दिवस.

आधी गाडीचे सांगतो, कारण आपण ती पाहिलेली नाही. पुण्याहून आणली. डिझेल. दारे दोनच, पण एकेक कपाटाएवढे; मागची काच मोठी आणि कायमची बंद; आत थंड हवेची सोय. जिंतुरात तसली दुसरी नाही. (परभणीत एक आहे म्हणतात, ती मी पाहिलेली नाही.) माझी शाळा सातवीपर्यंत, पण विहिरीवरचे इंजिन मी एकवीस वेळा स्वतः खोलून बसवले आहे, आणि त्याने शिकवलेली गोष्ट अशी की डिझेल एकदा पेटले की त्याला बॅटरीची गरज राहत नाही. तेल मिळते आहे तोवर चालत राहते. कमलची आई मालनबाई मला सकाळीच बोलली होती की पाहुण्यांना आणायला जुनी जीप न्या, ही गाडी बघितली की ते लोक हीच मागतील. मी ऐकले नाही. ऐकायला हवे होते असेही अजून मला वाटत नाही.

परभणीच्या स्टँडवर पोचलो. विद्यापीठाच्या नावावरून बंदची कुणकुण होती, त्यामुळे पाथरीची एसटी सव्वा तास उशिरा. मी गाडी बंद करून बसलो, ही माझी एकमेव चूक. एसटी फाटकात शिरताना किल्ली फिरवली तर नुसते टक. परत टक. दिवे लख्ख लागत होते, म्हणजे बॅटरी नव्हे, इंजिनाला पहिली फिरकी देणारा सेल्फ गेला. चार हमालांनी ढकलली, दुसऱ्या गिअरात क्लच सोडला, इंजिन पेटले, आणि त्याच वेळी दिनकरराव, त्यांच्या मंडळी सरजाबाई आणि मुलगा (प्रल्हाद, हायस्कुलात गणिताचा मास्तर) पिशव्या घेऊन खाली उतरले. पाहुण्यांना धक्का मारायला लावणारा सासरा म्हणून माझे नाव पाथरीभर झाले असते. तिथेच ठरवले की हे परत जाईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही.

दाजी, ते त्रेचाळीस किलोमीटर मी कसे काढले ते मलाच माहीत. मास्तरांना थंड हवेची हौस. ते बटण दाबत, इंजिन दबे, बंद पडतेसे वाटे, मी ॲक्सिलरेटर देई, की ते परत दाबत. बोरीला चहाला थांबलो तर दिनकररावांनी विचारले की गाडी चालूच का ठेवली. मी म्हणालो, या दर्जाचे इंजिन गरम असताना बंद करायचे नसते. त्यांनी मान डोलावली आणि गाडीभोवती एक चक्कर मारली, जशी ते पंचवीस वर्षे लोकांच्या बांधाभोवती मारीत आले.

घरी आलो. कमलला पाहण्याचा कार्यक्रम बैठकीत, आणि गाडी खिडकीखाली, चालू. कपबशा खुळखुळत होत्या, धूर पोह्यांवर येत होता, सरजाबाई पदर नाकाला लावून मुलीला ओरडून शिक्षण विचारत होत्या. मी दर दहा मिनिटांनी उठून तेलाचा काटा पाहून येई. काटा लाल रेघेला टेकला होता. तेल संपले तर पाइपात हवा शिरणार, मग ढकलूनही चालू होणार नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन मालनबाईला सेल्फचे सांगितले. ती म्हणाली, हेच बाहेर जाऊन मोठ्यानं सांगा, म्हणजे मागणार नाहीत. पण जीभ उचलेना. माझी गाडी वाईट, हे मी माझ्या तोंडाने सांगू?

तेवढ्यात दिनकरराव म्हणाले, "मुलगी पसंत हाय. बाकी आमचं कायबी मागणं न्हाई. ही गाडी तेवढी पोराच्या नावानं करा."

मी पानाचे तबक त्यांच्यापुढे सरकवले. मालनबाई दारात, माझ्याकडे बघत. कमल उठली, बाहेर गेली. इंजिन थांबले. इतकी शांतता झाली की शेजारच्या चतुराबाई काय झालं म्हणून भिंतीवरून डोकावल्या. कमल किल्ली घेऊन आली आणि पानाच्या तबकात, दिनकररावांसमोर ठेवली.

"घ्या मामा. चालू करा आन घेऊन जावा."

दिनकरराव गेले. टक. अकरा वेळा टक, मी मोजले. मग मास्तर हसायला लागले, आणि त्यांनी आमच्या कमललाच विचारले की कशी चालू करतात. ती म्हणाली, तुमी ढकला, मी बसते. (शिकवली मीच, कापूस निघालेल्या रानात.) मास्तरांनी ढकलली, दिनकररावांनीही ढकलली, टोपी सावरत. इंजिन पेटले. पाहुण्यांना परभणीला मी सोडले. वाटेत तेल भरले, चालू गाडीतच. 

सर्वांना नमस्कार सांगावा.
आपला, माणिकराव

ता. क. सेल्फ सोमवारी मी स्वतः खोलून दुरुस्त केला. आता किल्ली दाखवली की गाडी चालू होते. दिनकररावांना हे अवश्य सांगावे.

ता. क. २. मालनबाई म्हणते, अक्षता पडेपर्यंत सांगू नये.

ता. क. ३. दाजी, खरे काम हे. पोर रोज पोस्टमनची वाट बघते. नकार गाडीपायी असेल तर म्हणावे, गाडी देतो, किल्ली आपणच नेऊन द्यावी. घरात कळू देऊ नये.

ता. क. ४. बन्सीधरमामा, मी कमल. पाकीट चिकटवायला आबांनी माझ्याकडे दिलं. तिसऱ्या ता. क.मधलं काम करू नका. मास्तरांचं पत्र शनिवारीच माझ्या हाती आलंय, होकार हाय, त्यांनी घरी भांडून गाडी नको म्हणून कबूल करून घेतलंय. आज आबांना वाचून दाखवते. सेल्फ अजून नादुरुस्तच हाय. रोज सकाळी मी आन आई ढकलायलोय.