रेडिओवर दिलेलं उत्तर

प्रिय आत्ये,

तुझं तेरावं होऊन आज आठ दिवस झाले. पाहुणे गेले, शाळेला दिवाळीची सुट्टी लागली, आणि एक गोष्ट तुझ्याशी बोलायचीच राहिली हे पुन्हा पुन्हा आठवायला लागलं. तू होतीस तेव्हा तोंडावर बोलवेना, म्हणून लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे. तरी लिहिते.

आई गेल्यावर मला तूच वाढवलंस. मुरुडच्या कोळीवाड्यात वाळत घातलेल्या बोंबलांची राखण करताना तू भुताच्या गोष्टी सांगायचीस आणि मी कावळे हाकायचं विसरायचे. पुढे मी शिक्षिका झाले, तेव्हा त्याच गोष्टींच्या श्रुतिका लिहून मुंबईला रेडिओवर पाठवल्या. सहा निवडल्या गेल्या. दर आठवड्याला एक वेगळं भूत. तू हसून म्हणालीस, "माज्या भुतांना मुंबय दाखव आता."

पाच भुतं तुझीच होती. सहावं मात्र मी तुला न विचारता घेतलं. समुद्रात गेलेला, कधीच न सापडलेला नवरा घराच्या दारात परत येतो. तो आतोबाच होता ना? नाव बदललं की झालं, असं मला वाटलं होतं.

आणि नेमकी त्याच श्रुतिकेच्या रेकॉर्डिंगला तू माझ्याबरोबर आलीस, नवं लुगडं नेसून, रेवसहून लाँचनं. तिथल्या साहेबांना लाटांचा आवाज हवा तसा मिळत नव्हता आणि तू सुपात तांदूळ फिरवून तो काढून दाखवणार होतीस. मी तुला अडवायला हवं होतं. का नाही अडवलं, ते अजून कळत नाही.

स्टुडिओत तू सूप फिरवत होतीस. नटानं घोगरा, भेसूर आवाज काढला, "दार उघड..." तुझं सूप थांबलं.

"तो असा न्हाय बोलायचा," तू म्हणालीस.

कुणालाच काही कळेना. मला कळलं. मान वर करवेना.

साहेब चिडले नाहीत. "मग कसा बोलायचा, बाई?"

"दारात आला का इचारायचा, जेवलीस काय गो?" सुपातले तांदूळ सारखे करत तू म्हणालीस, "त्या सकाळी पन इचारलान. मी रागात होते, बोललेच न्हाय. तसाच होरी घेऊन दर्यात गेला."

"यात भीती कुठे आहे?" साहेब पुटपुटले. पण नट म्हणाला, "एकदा करून बघतो." पुन्हा सुरुवात झाली. तांदूळ फिरू लागले. तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "जेवलीस काय गो?"

यावर नटीनं किंकाळी फोडायची होती. त्याआधीच तू बोललीस, "जेवले. तू?"

साहेबांनी ते कापलं नाही.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी पंचायतीच्या रेडिओभोवती अख्खा कोळीवाडा जमला. तुझा आवाज आला आणि बायांनी तोंडाला पदर लावले. तू मात्र शांत. घरी येताना म्हणालीस, "बरा झाला. उत्तर द्यायचा रायला होता." त्यानंतर तू आतोबाच्या खोड्या हसत हसत सांगायला लागलीस. कधीही न ऐकलेल्या. चार वर्षं मी त्या पोटभर ऐकल्या.

ते सगळं चांगलं झालं ते तुझ्यामुळे. माझी चूक चूकच राहते. एकदा तरी रागवायचंस माझ्यावर! का नाही रागावलीस?

आत्ये, तुला शब्द देते. यापुढे कुणाचं दुःख लिहायचं झालं, तर आधी त्यांच्या दारात बसून विचारीन. काल सुरुवात केलीही. शेजारच्या हलिमाभाभींच्या विहिरीची गोष्ट मला फार लिहावीशी वाटत होती. त्या म्हणाल्या, "नको बेटी, ती राहू दे."

राहू दिली. त्यांच्याकडे चहा प्यायले, थोडा वेळ बसले आणि घरी आले.

तुझी,
शेवंती