खालच्या वॉर्डाचा प्रतिनिधी

३ मार्च
आलो एकदाचा! ताईने रुसून-फुगून गळ घातली आणि भाऊजींना, म्हणजे इथल्या नगराध्यक्षांना, मेहुण्याची आठवण झाली. मला खालच्या वॉर्डाचा नगरसेवक नेमलंय. समुद्र चढला तेव्हा हा वॉर्ड माणसांसकट पाण्याखाली गेला. पण तो रद्द केला तर सभागृहातली एक जागा जाते, आणि तिच्याबरोबर भाऊजींचं बहुमत. म्हणून वॉर्ड आहे, मतदार नाहीत. याहून सुखाची नोकरी कुठली? ना नळाची तक्रार, ना गटाराची. तिसऱ्या मजल्यावर दालन, गुबगुबीत खुर्ची, खिडकीतून समुद्र.

७ मार्च
दर गुरुवारी वॉर्डातल्या लोकांना भेटायचं, असा इथला नियम. मीही दार उघडं टाकून पेपर वाचत बसलो. शेजारच्या दालनातल्या नगरसेविका याला 'मेलेल्यांचा दरबार' म्हणतात. बाई सभेत डुलक्या काढतात म्हणे, त्यांनी तरी बोलू नये. बाहेरचं बाक ओलं होतं म्हणून शिपायाला झापलं. तो म्हणाला, कितीही पुसा साहेब, गुरुवारी ते ओलंच असतं. कामचुकारांना कारणं बरी सुचतात.

१४ मार्च
आज सभा झाली. शहराचा सगळा कचरा खालच्या वॉर्डावर टाकून भराव घालायचा आणि त्यावर भाऊजींच्या गोतावळ्याने इमले बांधायचे, असा ठराव. वॉर्डाच्या प्रतिनिधीची संमती लागते. दिली. हात वर करायला माझं काय जातंय? मासे थोडेच मोर्चा काढणार, असं म्हणालो तर सभागृह खो खो हसलं. निर्बुद्ध आहेत सगळे, पण विनोद कळतो.
परत आलो तर बाकावर दाटीवाटीने बसल्याच्या ओल्या खुणा.

२१ मार्च
विरोधकांचा चावटपणा, दुसरं काय! दारापासून टेबलापर्यंत ओली पावलं. लहान मुलांचीसुद्धा. निवडून येण्याची धमक नाही, म्हणून असले पोरखेळ.
तांब्यातलं पाणी खारट लागलं.

२२ मार्च
आज भेटीचा वार नाही. तरी बाक ओलं. शिपाई आलाच नाही. मला भीती वाटतेय — लाज वाटते लिहायला, पण वाटतेय. भाऊजींना म्हणालो, वॉर्ड बदलून द्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, तुझे मतदार, तूच निस्तर.

२३ मार्च
भर दुपारी — पाच-सहा जण. तोंडाकडे बघवत नाही. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. एका बाईने हात जोडले. म्हणाली, साहेबांनी एकदा वस्तीत यावं, कचरा कुणाच्या अंगावर पडतोय ते बघावं. तोंडातून निघून गेलं — पुढच्या आठवड्यात नक्की. त्यांनी माना डोलावल्या. म्हणाले, पाणी चढत होतं तेव्हाचे साहेबही हेच म्हणाले होते.

दार उघडत नाही — तिसरा मजला, आणि पाणी गुडघ्याला — खुर्चीवर उभा आहे — बाई अजून अदबीनेच बोलतेय. म्हणते, वेळ नसेल तर राहू द्या, साहेबांनी खाली यायची तसदी घेऊ नये, वस्तीच वर आ—