एकदाच विचारायचं

सोमवार, ४ नोव्हेंबर
पहिलीचा वर्ग. मधल्या सुट्टीनंतर कुजबुजला टेबलाशी बोलावलं — ही पोरगी कधी मोठ्यानं बोलत नाही, म्हणून शाळेत तिचं हेच नाव. बायकोच्या शिवणाच्या डब्यातली बटणं नेली होती. ती गेल्यापासून डब्याला हात लावला नव्हता.

दोन सारख्या ओळी मांडल्या. "सारखी आहेत की कमी-जास्त?"

"सारखी."

एक ओळ पसरून लांब केली. तेच विचारलं.

"ही जास्त."

मोठ्या बाई मागेच उभ्या. "बघा सर. संख्येची समज नाही अजून. बालवर्गात परत बसू दे वर्षभर."

प्रशिक्षणात आम्हीही हेच शिकलो होतो — या वयात लांब दिसेल ते जास्त वाटतं, वय झालं की कळतं. बाई शुक्रवारी ठरवणार.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
फाटकाशी कुजबुजच्या आईला बाईंचं म्हणणं सांगितलं. "आता कुठे शाळेत येताना रडायची थांबलीय हो सर. मैत्रिणी पुढे आणि ही मागे?"

बुधवार, ६ नोव्हेंबर
गंमत झाली. बटणं मांडत होतो, बाही लागून एक ओळ विस्कटली. मी काहीच विचारलं नव्हतं. कुजबुज आपणहून म्हणाली, "असू दे सर, तेवढीच आहेत."

"मग परवा ही जास्त का म्हणालीस?"

"तुम्ही परत विचारलं."

"बरं, मग?"

"परत विचारलं की पहिलं चुकलेलं असतं."

खरंच की! बरोबर उत्तर आलं तर मी कधी परत विचारतो? इतकी वर्षं मी बटणांबद्दल विचारतोय आणि पोरं माझा चेहरा बघून उत्तर देताहेत.

घरी येऊन एकटाच हसलो. पोटभर जेवलो.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
बाईंसमोर ओळी मांडल्या, न बोलता एक पसरली, मग एकदाच विचारलं.

"सारखी."

बाई वाकल्या. "नक्की ना गं?"

झालं! कुजबुजनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे बघत राहिलो.

"सारखीच आहेत. कोणी घेतली कुठे?"

बाईंना हसू आलं. "असू दे हिला पहिलीत. पण जरा बोलायला शिकवा."

"बोलली की आत्ता," मी म्हटलं.

शनिवार, ९ नोव्हेंबर
आणखी काही पोरांना तसंच विचारलं, एकदाच. बहुतेकांना येतं!

रविवार, १० नोव्हेंबर
लेकीचा फोन. "बाबा, बरा आहेस ना?"

म्हटलं, हो.

"खरंच?"

दर वेळी इथे मी उत्तर बदलतो. झोप लागत नाही म्हणतो, जेवण जात नाही म्हणतो. लागते झोप. जेवणही जातं. तिची आई गेल्यावर आपण बरं असणं चुकीचं, असं वाटायचं.

आज म्हटलं, "हो गं. बरा आहे."

मग हळूच — "मीही बरी आहे, बाबा. तुला सांगायची लाज वाटायची."

फोन ठेवला. दोरीवरचे कपडे वाळले होते. काढले, घड्या घातल्या.